भीमाशंकरचें शेकरूं

द्वादश ज्योतिर्लिंगांपैकीं भीमाशंकराचें स्थान पुणें जिल्ह्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें तीन हजार फूट उंचीवर आहे. या देवाची यात्रा आमच्या घराण्यांत तीन पिढ्या चालत आली आहे. आम्ही तेथें प्रथम गेलों तें १९६७ सालीं, आजोबांचें बोट धरून. त्या वेळीं आमचें वय दहा वर्षांचें होतें. कर्जतच्या बाजूनें येऊन खांडस या गांवीं मुक्काम केला आणि पहांटे गणपति घाटाच्या वाटेनें चढावयास लागलों. उघड्या कातळावर ऊन्ह चढूं लागलें होतें. पण माथ्यावर पोंचतांच एकाएकीं गर्द सावलींत शिरलों. आजोबा तेथें थांबले व म्हणाले, "येथून पुढें वाळकी काडीहि उचलावयाची नाहीं. हें रान देवाचें आहे."

त्याच रानांत आम्हीं पहिलें शेकरूं पाहिलें. आम्हांस तें वानर वाटलें. त्या दिवसांत आमचें अमरकोशाचें पाठांतर चालूं होतें, आणि वानरास तेथें शाखामृग म्हटलेलें असल्यामुळें आम्हीं मोठ्या ऐटीनें तो शब्द उच्चारला. आजोबा हंसले. "वानर जमिनीवरहि बसतो," ते म्हणाले, "पण हें शेकरूं. शाखामृग हें नांव खरें शोभतें तें यालाच."

पुढें अनेक वर्षें शाळामास्तरकींत गेलीं. सेवानिवृत्त झाल्यावर, २०२३ सालच्या मार्गशीर्षांत, आम्ही सहकुटुंब पुन्हा भीमाशंकरास गेलों. आतां मंचर, घोडेगांव, डिंभें या मार्गानें मोटार थेट वरपर्यंत जाते. आमच्या खिशांत त्या वेळीं एक कागद होता. त्याविषयीं येथेंच सांगितलें पाहिजे, कारण या लेखाचें मूळ त्या कागदांत आहे. आमच्या पेठेंतील भजनी मंडळांत बहुतेक सर्वजण साठी उलटलेले आहेत. 'देवस्थानाकडे जाणारा रानांतील रस्ता रुंद करावा व त्यास आड येणारीं झाडें काढावीं, म्हणजे वृद्ध यात्रेकरूंची सोय होईल,' असा अर्ज सरकारांत पाठवावयाचा त्यांचा विचार ठरला. अक्षर बरें म्हणून मसुदा लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. तो आम्हींच लिहिला होता, आणि तो लिहितांना आमच्या मनास कोठेंहि टोंचणी लागली नव्हती.

देवळाचें वर्णन वाचकांस नवें नाहीं. पायऱ्या उतरून खालीं गेलें म्हणजे काळ्या दगडाचें देऊळ लागतें. शिखराचें काम नाना फडणिसांनीं करविलें. आवारांत एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण म्हणून सांगतात. भीमा नदीचा उगमहि येथेंच. त्रिपुरासुराचा वध करून श्रमलेल्या शंकराच्या अंगाचा घाम वाहिला व त्याची ही नदी झाली, अशी कथा आहे. पंढरपुरास जिला आपण चंद्रभागा म्हणतों ती हीच नदी, हें नातवंडांस सांगतांच त्यांना मोठें नवल वाटलें.

दुसरे दिवशीं सकाळीं रान पाहावयास निघालों. सोबतीस जवळच्या वाडींतील एक वृद्ध महादेव कोळी गृहस्थ होते. हिरडा गोळा करून विकणें हा या भागांतील लोकांच्या उपजीविकेचा एक आधार आहे, आणि त्यामुळें त्यांना रानांतलें झाडन् झाड ठाऊक असतें. अंजन, जांभूळ, आंबा, हिरडा, उंबर अशीं झाडें ते दाखवीत चालले होते. इतक्यांत ते थबकले व त्यांनीं वर बोट केलें. दोन झाडांच्या शेंड्यांजवळ डहाळ्या व पानें यांचा एक मोठा गोल गुंता होता. तें शेकरूचें घरटें. एक शेकरूं अशीं अनेक घरटीं बांधतें. आणि बांधतें तें बहुधा अशा ठिकाणीं, कीं जेथें एका झाडाच्या फांद्या दुसऱ्या झाडांत शिरलेल्या असतात. शत्रु एका बाजूनें आला तर दुसऱ्या बाजूनें निसटून जातां यावें, हा त्यांतील हेतु.

थोड्याच वेळांत घरट्याचा मालकहि दिसला. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिंवळसर पांढरें, आणि शरीराहून लांब असें झुबकेदार शेंपूट. नाकापासून शेंपटाच्या टोंकापर्यंत हा प्राणी सुमारें तीन फूट भरतो. वजन दीड ते दोन किलो. एका उडींत तो वीस फुटांपर्यंत अंतर तोडतो. फळें, बिया, फुलें, पानें, झाडाची साल हा त्याचा आहार. सर्व झाडें एकाच ऋतूंत फळत नाहींत, म्हणून पोट भरण्यासाठीं त्याला वर्षभर या झाडावरून त्या झाडावर हिंडावें लागतें. रेने बोर्जेस या विदुषींनीं १९८० नंतरच्या दशकांत येथील शेकरूंच्या आहाराचा बारकाईनें अभ्यास केला होता.

तें शेकरूं शेंड्याशेंड्यांवरून आमच्या पुढें चाललें होतें. जातां जातां आम्ही मोटाररस्त्यावर आलों. तेथें एका वळणावर दोन्ही बाजूंचीं झाडें तुटलेलीं होतीं व वर चांगलें तीसचाळीस फूट उघडें आभाळ दिसत होतें. शेकरूं त्या कडेपर्यंत आलें आणि थांबलें. पुढच्या फांदीवर गेलें, परत आलें. खालीं पाहिलें, पुन्हा वर चढलें. एकदां त्यानें मोठ्यानें खडखडल्यासारखा आवाज केला. खालून मोटारी जात होत्या. एका मोटारींतून कोणीतरी त्याच्याकडे बिस्किट फेंकलें, तें रस्त्यावर पडलें. अखेर तें शेकरूं वळलें आणि आल्या वाटेनें परत गेलें.

"खालनं उतरून का जात नाहीं?" आमच्या नातवानें विचारलें.

"उतरतंय कधीमधी," ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पर उतरलं म्हंजे कुत्रं धरतंय, न्हाईतर गाडीखाली येतंय. त्याची वाट वरून हाय, पोरा. पुढं चला, दावतो."

दोनतीनशें पावलें पुढें गेल्यावर रस्ता अरुंद झाला. तेथें दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकमेकींस भिडल्या होत्या. "गुरुजी, ह्या वळणावर लई जनावरं इकडून तिकडं व्हत्यात," असें सांगून त्यांनीं तो मांडव दाखविला. आम्हीं वर पाहिलें, आणि आमच्या खिशांतील कागद आम्हांस आठवला. आड येणारीं म्हणून जीं झाडें काढावीं असें आम्हीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें, तीं हींच.

या रानाला १९८५ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला असून त्याचा विस्तार सुमारें १३१ चौरस किलोमीटर आहे. शेकरूं हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याच्या शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. संबंध भारताचा विचार केल्यास ही जात आज नामशेष होण्याच्या बेतांत नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु जागोजाग रानें तुटत चालल्यामुळें तिची संख्या घटत आहे. आणि तुटलेल्या रानाच्या एका तुकड्यांत अडकलेलें शेकरूं बंदुकीवांचूनहि संपतें. अन्न पलीकडे, जोडीदार पलीकडे, आणि मध्यें चाळीस फुटांचें आभाळ! त्याला कायद्याची कलमें काय करणार? तामिळनाडूंत वालपराई येथें सिंहपुच्छ वानरांकरितां रस्त्यावरून झुलते पूल बांधावे लागले आहेत. उपाय चांगला, पण जेथें निसर्गाचा पूल अजून शाबूत आहे तेथें तो तोडून मग दोरीचा बांधण्यांत शहाणपण कसलें?

आणखी एक विचार मनांत आला तो लिहून टाकतों. आरण्यकें आणि उपनिषदें आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पठण केलीं गेलीं. परंतु प्रत्यक्ष अरण्य राखलें तें कोणीं? वर्तक व गाडगीळ या संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां जुनें रान पुष्कळ ठिकाणीं गांवकऱ्यांच्या श्रद्धेनें टिकल्याचें त्यांना दिसलें. काडी उचलूं नये हा नियम ग्रंथांत वाचून नव्हे, तर वडिलांकडून ऐकून त्यांनीं पाळला. आमच्या आजोबांनाहि तो ठाऊक होता. आम्हांला तो सांगितलेला असूनहि आम्ही विसरलों.

घरीं परतल्यावर आम्हीं अर्ज मंडळापुढें ठेवला, पण बदललेला. झाडें काढण्याचें वाक्य गाळलें. त्याऐवजीं असें लिहिलें कीं, गर्दीच्या पर्वकाळीं खालच्या वाहनतळापासून देवळापर्यंत बसगाड्या सोडण्याची जी रीत आहे ती वृद्धांसाठीं नित्याची करावी, खासगी मोटारी खालींच थांबवाव्या, आणि जेथें फांद्या रस्त्यावर जुळल्या आहेत तेथें त्या छाटूं नयेत. यावर मंडळांतील एक वयोवृद्ध सभासद आमच्यावर रागावले. त्यांचे गुडघे धरलेले आहेत. "गुरुजी, तुम्हांला माणसापेक्षां जनावर अधिक झालें काय?" असें त्यांनीं विचारलें. त्यांची अडचण खोटी नव्हती, आणि आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. मग आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, आपणांला देवापर्यंत नेण्याच्या चार सोयी करतां येतील. त्या जनावराला पलीकडे जाण्याची दुसरी सोय नाहीं.

अर्जावर अकरा सह्या झाल्या. त्या सद्‌गृहस्थांनीं मात्र सही केली नाहीं, व आम्हींहि आग्रह धरला नाहीं. पुढच्या यात्रेस ते आमच्याबरोबर यावयाचे आहेत. त्यांना बसनें वर न्यावें, दर्शन झाल्यावर त्या वळणावर एक घडीची खुर्ची टाकून बसवावें, आणि शेकरूं येईपर्यंत वाट पाहावी, असा आमचा बेत आहे. सहीचें मग त्यांचें त्यांनीं पाहावें.