तिकीट दुसऱ्याच्या फोनात

चोरी न करता चोर ठरायची वेळ तात्यांवर आली, तीही सत्तरी उलटल्यावर आणि परक्या मुलखात. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. काय काय पाहिलं, ते गावात सगळ्यांना सांगून झालं. पण कुणी "कसा झाला प्रवास?" असं विचारलं, की माझ्या तोंडून आधी त्या गाडीचंच निघतं.

आम्ही नारायणगावकडचे द्राक्षवाले. तात्या माझे चुलत सासरे, माळकरी, धोतर-टोपीतले. आमच्या भावकीत जंबो द्राक्षांची पहिली बाग त्यांनी लावली. बर्लिनला फेब्रुवारीत फळांच्या व्यापाराचं मोठं प्रदर्शन भरतं, फ्रूट लॉजिस्टिका. २०२५ साली ते ५ ते ७ तारखेला होतं. बाग ऐन गोडीवर आलेली, मुलगा एकटा सांभाळणार, म्हणून मी नको म्हणत होते. तात्याच म्हणाले, "आयुष्यभर पेट्या धाडल्या. त्या जात्यात कुठं, ते एकदा बघून तरी येऊ."

म्हणून आमच्या बागायतदारांच्या गटाने आधी पेट्या उतरतात ते रॉटरडॅम बंदर घेतलं. तिथल्या शीतगृहात आम्हाला भेटल्या त्या दक्षिण आफ्रिकेच्या आणि पेरू देशाच्या द्राक्षांच्या पेट्या. आपला माल अजून समुद्रात होता. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या. तात्यांनी विचारून एका पेटीतला कागद उचलला. त्याखाली सल्फर डायऑक्साइडचा पॅड, आपण ठेवतो तसाच. मग त्यांनी एक घड उचलून आधी देठ पाहिला. मण्याकडे नंतर. देठ हिरवा होता. "त्यांनाबी देठाचीच काळजी हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, ४ तारखेला, रॉटरडॅम ते बर्लिन. रथसप्तमी होती. पहाटे अंधारात निघालो तेव्हापासून तात्या खिडकीतून सूर्य शोधत होते. आभाळ दिवसभर उघडलं नाही. आमेर्सफोर्टला गाडी बदलली. हद्दीवर बाड बेंटहाइमला गाडी थांबली, पोलीस चढले. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली होती. आमचे पासपोर्ट पाहिले, हसून परत दिले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथून गाडी रखडली ती रखडलीच, आणि ओस्नाब्रुकला सांगितलं, ही पुढे जाणार नाही, उतरा.

फलाटावर नुसती झुंबड. थंडी अशी, की बोलताना जबडा हलेना. कसेबसे हॅनोव्हरपर्यंत आलो. तिथे बर्लिनची गाडी लागलेली, लोक धावताहेत, आमचा गटप्रमुख ओरडला, "चढा, मिळेल त्या डब्यात चढा!" तात्यांना धावता येत नाही. मी त्यांचा हात धरून जवळच्या दारातून चढवलं. बाकीचा गट पुढे कुठेतरी.

सगळ्यांचं तिकीट एकत्र काढलेलं आणि ते गटप्रमुखाच्या फोनात. तसं ते सगळा प्रवासभर होतं, कुणाला काही वाटलं नव्हतं.

तिकीट तपासनीस आला. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमचा माणूस पुढे आहे. त्याने मान हलवली आणि हात तसाच पुढे ठेवला. मी गटप्रमुखाला फोन लावला, लागेना. तात्यांनी पासपोर्ट काढला, हॉटेलचा कागद काढला, प्रदर्शनाचा पास काढला, सगळं एकाखाली एक धरलं. त्याने एकाकडेही पाहिलं नाही. मी म्हटलं, माझ्याबरोबर चला, दाखवते. तो चालत आला नाही, मला जाऊही देईना. आवाज वाढत गेला. डब्यातले लोक माना वळवून बघायला लागले. एका मुलाने उठून तात्यांना जागा दिली, पण तात्या बसेनात. निर्दोष ठरल्याशिवाय बसायचं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. शेवटी त्यांनी स्वेटरच्या आत हात घातला. बंडीच्या आतल्या खिशात रुमालाची गाठ, गाठीत नातीला काहीतरी घ्यायचं म्हणून ठेवलेल्या युरोच्या नोटा. बोटं गारठलेली, गाठ सुटेना. मी सोडवायला गेले तर माझा हात बाजूला केला. दातांनी सोडवली. नोटा एकेक मोजून त्याच्या हातावर ठेवल्या. दोघांचं भाडं, वर दंड.

तपासनिसाने मशीनमधून पावती काढून दिली आणि अतिशय सभ्यपणे आभार मानले. ते आभारच मला जास्त झोंबले.

गटप्रमुख बर्लिनच्याच स्पांडाऊ स्टेशनवर भेटला. म्हणाला, "होतं असं काकू, गर्दीत." माझ्या मते असं होता कामा नये. माणसं परदेशात नेता, त्यांच्याकडून लाखांनी पैसे घेता, तर प्रत्येकाच्या हातात त्याचं तिकीट कागदावर छापून द्यायला काय जातं? गाडी रद्द झाली तर काय, चुकामूक झाली तर काय, हे निघायच्या आधी मराठीत दोन ओळी लिहून द्यावं. म्हाताऱ्या माणसाला फोनातलं कळत नाही, हा त्याचा गुन्हा नव्हे.

तपासनिसाने नियम पाळला असेल, आणि नियमाला आम्ही भीत नाही. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, ज्याला आम्ही सीसीसी म्हणतो, वेलीची फाजील वाढ रोखायला मारतात ते. आपल्याकडे निर्यातीआधी जे अंश तपासायचे त्या यादीत ते नव्हतंच. तपासणीत पास झालेला माल तिकडे नापास ठरला, बंदरात अडकला, भरल्या बागांचे भाव कोसळले. नियम मोडायचा तर तो आधी माहीत तरी हवा ना! अर्थात त्यानंतर तपासणी कडक झाली, फवारणीची वही ठेवायची सवय लागली, आणि आज मी स्वतः मजुरांना वहीवाचून पंपाला हात लावू देत नाही. म्हणजे त्या दणक्याने आमचं भलंच झालं म्हणायचं. हे मला पटतं, आणि तरी २०१० ची आठवण निघाली की पोटात कालवतं.

स्पांडाऊला माझी भाची राहते, घोडेगावची. बाकी गट हॉटेलवर गेला, आम्ही दोघं तिच्याकडे. दार उघडताच भाजल्या खोबऱ्याचा वास आला आणि तात्या दारातच म्हणाले, "पोरी, मासवडी?"

तिने वड्या करायचं आमच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. हळद-तिखट घालून उकळत्या पाण्यात बेसन हाटलं, झाकून वाफ दिली. ओल्या फडक्यावर ते गरम असतानाच हाताने थापायचं असतं, गार झालं की तडकतं. तिच्याकडे फडकं म्हणजे जाड लवेचा टॉवेल; पीठ त्याला धरून बसणार. मी बॅगेतून तात्यांचं जुनं उपरणं काढलं, भिजवून पिळून पसरलं. त्यावर थापलं, मधोमध तीळ, खसखस, खोबरं, लसूण, परतलेला कांदा, कोथिंबीर असं सारण, मग फडकं उचलून दोन्ही बाजू मिटवल्या आणि वरून दाबून तिकोनी आकार दिला. सुरीने वड्या पाडल्या, एकही फुटली नाही. रश्श्यावरून मात्र भाचीशी वाजलं. ती रस्सा घोडेगावच्या पद्धतीचा म्हणून दाट करते, माझ्या सासरी तो पातळच लागतो, भाकरी बुडाली पाहिजे. बाजरीचं पीठ इंडियन दुकानातलं, जरा जुनं, भाकरी कडेला चिरल्या. तात्यांनी कुस्करून खाल्ल्या.

जेवताना भाची म्हणाली, "मावशी, तिकीट नावावर असेल तर नंतर दाखवून बहुतेक पैसे परत मिळतात, थोडी रक्कम कापून." मग मी पुन्हा सुरू झाले: गटप्रमुखाला उद्याच सांगते, त्या तपासनिसाची तक्रार करते. तात्या रस्सा ओरपत होते. ताट न सोडता म्हणाले, "त्याचं काय चुकलं? पावती दिली ना त्यानं. आपल्याकडं बाजारात माल धाडतो, कशाकशाचे पैसे कापत्यात, कुणी इचारल्याबिगर कागद देतो का?"

"अहो तात्या, तुम्हाला सगळ्यांदेखत चोर ठरवलं त्यानं!"

"ठरवलं तर ठरवलं. मी हाय का चोर?"

मी त्यांच्याशी त्या ताटावरच भांडले. ते माझं ऐकेनात, मी त्यांचं ऐकेना. भाचीने दोघांच्या पानात आणखी वड्या वाढल्या आणि रश्श्यात पाणी घालायला आत गेली.