झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. ही म्हण बहुधा रिकाम्या मुठीची अब्रू राखण्यासाठी वापरली जाते. परंतु मूठ खरोखरच भरलेली असेल, तर ती केव्हा झाकावी आणि केव्हा उघडावी? याचे उत्तर आम्हांस पत्त्यांच्या डावात सापडले.

गंगाखेडहून लोह्याकडे जाताना पालम लागते. परभणी जिल्ह्यातील या गावी सुगी आटोपली की पत्त्यांचे डाव रंगत. ते आम्ही पुष्कळ पाहिले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या तीन पत्तीचे समर्थन आम्ही करणार नाही. त्या नादाने मोडलेले संसार आम्हांस ठाऊक आहेत. तरी त्यातील एक मर्म विचार करण्याजोगे आहे. तीन एक्के हाती आलेला शहाणा खेळाडू एकदम मोठी चाल करीत नाही. तशी केली तर बाकीचे पाने टाकून देतील आणि त्याच्या पदरी चिल्लर पडेल. म्हणून तो कपाळाला आठी घालतो व अनिच्छेने पैसे पुढे सरकवतो.

पाश्चात्त्यांच्या पोकर या खेळातही ही युक्ती आहे. मात्र तेथील जाणकार तिला अटी घालतात. आपली पाने फार बळकट असावीत, म्हणजे पुढे उघडणाऱ्या पानाने दुसरा वरचढ होण्याचे भय राहत नाही. मध्ये साठलेली रक्कम अद्याप लहान असावी. आणि आपण जोर दाखविताच समोरचे माघार घेतील, अशी खात्री असावी. एरवी जो लपवितो, तो प्रतिस्पर्ध्याला पुढचे पान फुकट पाहू देतो आणि हातचा डाव घालवितो.

परंतु या दोन्ही खेळांत प्रत्येक जण एकटा असतो. मेंढीकोटात तसे नाही. तेथे चौघे दोन जोड्यांनी खेळतात आणि चार दश्श्यांसाठी सारी झुंज असते. समजा, प्रतिपक्षाने इस्पिकचा राजा उतरला. आपल्याकडे एक्का आहे. पण तो पुढे कामी येईल म्हणून आपण दुर्री टाकली. समोर बसलेल्या आपल्या भिडूकडे इस्पिकची एकटी दश्शी आहे. ती त्याला टाकावीच लागते. राजा हात जिंकतो आणि दश्शी परक्यांच्या घरी जाते. प्रतिपक्षाला चकवू पाहणाऱ्याने बुडविले ते आपल्याच माणसाला!

आमच्या मते सारे रहस्य येथेच आहे. आपण कोणापासून लपवितो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आधी पाहावे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू दिवा मापाखाली झाकू नये असे शिकवितो आणि त्याच प्रवचनात दानधर्म गुप्तपणे करावा असेही सांगतो. वरवर पाहता हा विरोध वाटतो. पण तसा तो नाही. दिवा झाकला तर घरातील माणसे अंधारात राहतात. दान झाकले तर घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि देणाऱ्याचा अहंकार वाढत नाही. दोन्हीकडे विचार समोरच्या माणसाचाच आहे.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्यातील वृद्ध अजून सांगतात. धान्याचे पेव भरलेले असताना आपलीही उपासमार चालली आहे असे भासविणारे काही होते. आणि रात्री, कोणाच्या दृष्टीस न पडता, शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी ज्वारीचे गाठोडे ठेवून जाणारेही होते. मूठ दोघांनीही झाकली होती. एकाची भाव वाढण्याची वाट पाहत होती. दुसऱ्याची शेजाऱ्याला लाज वाटू नये म्हणून झाकलेली होती.

आपल्या धर्मग्रामातही कोणाकडे विद्या असते, कोणाकडे वेळ, कोणाकडे ओळख. नम्रतेच्या नावाखाली ती पाने आपण छातीशी धरून बसतो आणि समोरचा भिडू आपली एकुलती दश्शी गमावतो. डाव संपल्यावर उघडलेला एक्का कितीही देखणा असला, तरी त्याच्या काय उपयोगाचा?