येळवशीची भज्जी

भालकी तालुक्यातलं मेहकर आमचं आजोळ. मार्गशीर्षातल्या येळवशीला सगळं गाव रानात जायचं. कडब्याच्या कोपीत पूजा झाली की आजी भज्जी वाढायची. तूर, हरभरा, वाटाण्याचे ओले दाणे, चिंचेचा कोळ, वर बेसन. सोबत बाजरीचे उंडे अन् मडक्यातली गार आंबील. दोन वाट्या आंबील पोटात गेली की कोपीतच डुलकी!

१९५६ साली भालकी म्हैसूर राज्यात गेलं, आजीचं माहेर निलंगा मुंबई राज्यात. भज्जी मात्र दोन्हीकडे तीच.

आजी गेली, वाटणीत रानही विकलं. गेल्या येळवशीला कलबुर्गीच्या आमच्या सौभाग्यवतींनी गॅसवर भज्जी केली. चिंच जरा जास्तच पडली होती. मी काही बोललो नाही, दुसऱ्यांदा वाढून घेतली. धाकटीनं मात्र विचारलं, ‘अप्पा, कोप कुठंय?’