बातम्यांवरची फुली

मैत्रिणींनो, तुमच्या घरी केबलचे पैसे कोण देतं? आमच्याकडे मी देते. दूध, पेपर, इस्त्री आणि केबल असे चार हिशेब माझ्या डायरीत असतात. त्यांतले पहिले तीन मी डोळ्यांत तेल घालून तपासते. दूध पाव लिटर कमी आलं तर भय्याला दारात उभा करते. पण केबलचे पैसे मात्र वर्षानुवर्षं मुकाट्याने दिले. त्यात काय येतं, त्यातलं आपण काय बघतो, कधी विचारलंच नाही. टीव्ही चालू आहे ना, मग झालं!

विचारायची वेळ आली 2019 साली. 'ट्राय'चे नवे दर 1 फेब्रुवारीपासून लागू झाले. तोपर्यंत केबलवाला वाढील ते ताट आपण मुकाट्याने घेत होतो, आता ताटात काय हवं ते आपण सांगायचं. शंभर वाहिन्यांपर्यंत जास्तीत जास्त 130 रुपये, त्यावर कर, मिळून 153 रुपये 40 पैसे. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या त्यात असायलाच हव्यात, उरलेल्या जागा आपण भरायच्या. फुकट वाहिन्यांना वर काही नाही, विकतच्या वाहिनीची जाहीर केलेली किंमत वेगळी. (पुढे 2020 मध्ये तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या झाल्या आणि 2024 मध्ये 130 ची मर्यादाही उठली. तेव्हा माझा लेख हातात घेऊन केबलवाल्याशी भांडायला जाऊ नका हं!)

तर केबलवाल्याचा मुलगा छापील यादी घेऊन दारात आला. "काकू, खुणा करून ठेवा. संध्याकाळी नेतो."

हे तेव्हा पेन्शनच्या कामाला गेले होते. मी चहाचा कप आणि पेन्सिल घेऊन बसले. गाण्याची एक वाहिनी, मालिकांच्या दोन, नातू आला की त्याला एक कार्टूनची. मग आलं बातम्यांचं पान.

इथे मला थोडं मागे जाऊन सांगायला हवं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. चाळीस वर्षं धरणं आणि कालवे केले, घरात कधी आवाज चढला नाही. दूरदर्शनवर संध्याकाळच्या मराठी बातम्या झाल्या की टीव्ही बंद व्हायचा आणि आम्ही जेवायला बसायचो. निवृत्तीनंतर मात्र यांचं नवं ऑफिस सुरू झालं, बातम्यांचं. सकाळी दात घासताना टीव्ही सुरू, तो रात्री अकराला बंद. एका चौकटीत सहा माणसं, सगळी एकाच वेळी ओरडणार, आणि सातवे हे, खुर्चीतून! पोळी ताटात वाळून जायची. रक्तदाबाची गोळी अर्ध्याची एक झाली. मी काही सांगायला गेले की हात वर, "थांब, आत्ता महत्त्वाचं चाललंय." अहो, दिवसभर महत्त्वाचंच! माझं गुडघ्याचं दुखणं मी सहा महिने सांगितलं नाही, कारण मधे जाहिरात लागायची वाट बघायला लागायची.

पेन्सिल माझ्याच हातात होती. मराठी बातम्यांच्या वाहिन्यांवर एकेक करत मी फुली मारली. एक हिंदी तेवढी ठेवली, कारण हिंदीत यांचा भांडायचा उत्साह कमी होतो हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "नव्या नियमात तेवढंच बसतंय. पैसे वाचवायचेत ना?"

खोटं होतं ते. त्यातल्या बऱ्याचशा वाहिन्या फुकटच होत्या. वाचले असतील तर काही पैसे, रुपये नव्हेत.

चार-पाच महिने फार छान गेले. हे बागेत जायला लागले. एकदा मेथीसुद्धा निवडून दिली. मी मनातल्या मनात माझ्या फुलीला हळदकुंकू वाहत होते.

मग ऑगस्ट आला. आमचं सातारा उंचावर, पण माझी थोरली बहीण अक्का सांगलीत, गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. दाजी ऐंशीच्या घरात, त्यांना जिना चढवत नाही. कृष्णेला पाणी वाढतंय हे पेपरात येत होतं. मंगळवारी, 6 तारखेला दुपारी अक्काचा फोन आला, "अंगणात पाणी आलंय, आम्ही वर जातोय, लाइट गेलीय." त्यानंतर फोन लागेना.

यांनी टीव्ही लावला. हिंदी वाहिनीवर काश्मीर. आदल्याच दिवशी 370 कलमाचा निर्णय झाला होता, सगळा देश त्यातच होता. बुधवारी सकाळी लावला तर सुषमा स्वराज गेल्याची बातमी. दोन्ही मोठ्याच गोष्टी, नाही कोण म्हणतं? पण मला सांगली हवी होती. ती मधूनच खालच्या पट्टीवरून सरकत जायची, वाचेपर्यंत नाहीशी. सह्याद्रीवर बातम्या लागत, पण त्यांच्या वेळेला. मधल्या तासांचं काय करायचं?

यांनी खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. कोयनेतून किती पाणी सुटतंय, आयर्विन पुलाजवळ पातळी किती, सगळं कागदावर लिहून घेतलं. 45 फुटांवर धोक्याची खूण असते, पाणी केव्हाच त्याच्यावर गेलं होतं. (पुढे ते 57 फुटांच्याही वर चढलं.) कागद बघत हे म्हणाले, "मराठी वाहिनी असती तर निदान दिसलं तरी असतं. काय नियम करतात एकेक!"

मी उठले आणि केबलवाल्याच्या मुलाला फोन लावला. हल्ली मला कमी ऐकू येतं म्हणून मोबाईल मोठ्या आवाजावरच असतो. म्हटलं, बाबा रे, बातम्यांच्या सगळ्या मराठी वाहिन्या आत्ताच्या आत्ता सुरू कर.

"करतो की काकू. त्या तुम्हीच काढायला लावल्या होत्या ना? मी तेव्हाच म्हणत होतो, फुकट आहेत, राहू देत."

हे कागदाच्या घड्या घालत राहिले. मी काहीच बोलले नाही, बोलण्यासारखं होतं काय?

अर्ध्या तासात वाहिन्या लागल्या आणि पुढचे दोन दिवस त्या बंद झाल्या नाहीत. मीच बंद करू दिल्या नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला वार्ताहर, गच्चीवरून हात करणाऱ्या बायका, तीच होडी, तोच पूल, पुन्हा पुन्हा. प्रत्येक गच्चीवर मी अक्काचं हिरवं लुगडं शोधत होते. गुरुवारी ब्रह्मनाळची होडी उलटल्याचं आलं आणि मी देवघरात जाऊन बसले. वाहिनीने सबंध सांगली दाखवली, पण अक्काची गल्ली काही दाखवली नाही. दाखवणार तरी कशी? शुक्रवारी दुपारी मिरजेहून एका परक्या माणसाच्या फोनवरून अक्काचा आवाज आला. जवानांच्या बोटीतून दोघांना काढलं होतं. दाजींना खुर्चीसकट उचललं म्हणे. "माझे लोणच्याचे बरणे गेले गं," म्हणून ती रडली, तेव्हा कुठे मला खात्री पटली की ती अक्काच आहे.

फोन ठेवला. टीव्हीवर कोणीतरी अलमट्टी धरणावरून कोणाशी तरी भांडत होतं. धरणाचा विषय, म्हणजे यांच्या घरचाच. मला वाटलं, आता हे खुर्ची पुढे ओढणार. यांनी रिमोट घेतला, आवाज पार बंद केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "एवढा त्रास व्हायचा तुला?"

मी म्हटलं, "हो."

"मग मला सांगायचं."

"केव्हा सांगणार? जाहिरात कुठे लागत होती?"

यावर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. संध्याकाळी बाहेर जाऊन माझ्या गुडघ्याचं तेल घेऊन आले, नेमकं चुकीचं.

वाहिन्या अजून आहेत. भांडणंही लागतात आणि पोळी अधूनमधून वाळते. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला मी डायरी उघडली की हे चष्मा लावून शेजारी येऊन बसतात आणि केबलची पावती माझ्या आधी स्वतः वाचतात.