उसवण्याचे शिक्षण

पुण्यात लोकरीच्या विणकामाचे आणि क्रोशाचे प्राथमिक वर्ग पुष्कळदा शिक्षिकेच्या घरच्या दिवाणखान्यातच भरतात, आणि तेथे येणारी विद्यार्थिनी (क्वचित विद्यार्थीही) बहुधा एखादी वस्तू मनात धरूनच येते: होऊ घातलेल्या बाळाच्या बाळंतविड्यातले टोपडे-मोजे, वडिलांसाठी स्वेटर, किंवा अलीकडे मोबाइलवर पाहिलेली अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाने गोल विणून आत कापूस भरलेली जपानी धाटणीची बाहुली. ही ओढ स्वाभाविक आहे आणि ती मोडून काढण्याचे कारणही नाही. तथापि वर्गात खरोखर शिकायचे असते ते हातातली वीण वाचणे, आणि पुन्हापुन्हा उसवल्यावाचून ते साधत नाही.

दोन्ही कलांचे उसवणे मात्र सारखे नसते. सुयांवरच्या विणकामात संपूर्ण ओळीतले टाके एकाच वेळी सुईवर उघडे राहतात, त्यामुळे त्यांतला एक जरी निसटला तरी तो खालच्या ओळींतून शिडीसारखा उतरत जातो; क्रोशात आकडीदार सुईवर बहुतेक वेळ एकच टाका जिवंत असतो, बाकीचे सगळे गाठल्यासारखे बंद झालेले असतात, म्हणून दोरा ओढला की हवे तेवढेच उसवते आणि सुई पुन्हा त्या एका टाक्यात घालता येते. ज्यांना चूक करण्याची धास्ती वाटते त्यांनी क्रोशापासून आरंभ करावा, असे जे सांगितले जाते, त्याचे कारण हेच आहे. परंतु सुयांवरची चूक अधिक बोलकी असते.

सुलट टाका म्हणजे दोरा सुईच्या मागे ठेवून विणलेला, आणि उलट टाका म्हणजे दोरा पुढे घेऊन विणलेला. वस्तुतः ही एकाच टाक्याची दोन अंगे आहेत, कारण पुढून सुलट दिसणारा टाका मागून उलटच दिसतो. एवढी गोष्ट डोळ्यांत बसली की सुईवरचा पुढचा टाका कोणता विणायचा हे कागद न पाहता कळू लागते. ती बसेपर्यंत मात्र 20 टाक्यांचा पट्टा पाहता पाहता 23 टाक्यांचा होतो, आणि हे जास्तीचे टाके कोठून आले याचा उलगडा विद्यार्थिनीला होत नाही. बहुधा सुलट विणताना दोरा पुढेच राहून सुईवर चढलेला असतो आणि तेथे एक भोक पडलेले असते, किंवा ओळीच्या आरंभी दोरा सुईवरून मागे ओढला गेल्याने पहिल्या टाक्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसून दोन्ही विणले गेलेले असतात. चांगली शिक्षिका हा पट्टा स्वतः दुरुस्त करून देत नाही. भोक कोठे आहे ते विद्यार्थिनीलाच शोधायला लावते आणि तेथपर्यंत एकेक टाका मागे विणवून घेते. चित्रफितीतून हे होत नाही, कारण तेथे शिकवणाराचा हात दिसतो, शिकणाराचा हात कोणीच पाहत नाही. डावखुऱ्या विद्यार्थिनीने शिक्षिकेच्या शेजारी न बसता समोर बसावे, म्हणजे तिला आरशातल्यासारखे पाहून शिकता येते.

क्रोशाच्या गोलात वाचनाची जागा मोजणी घेते. मुक्या खांबांचा, म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्यांचा गोल सपाट राहायचा तर पहिल्या फेरीत 6, दुसरीत 12, तिसरीत 18 अशी दर फेरीला 6 टाक्यांची भर घालावी लागते. भर कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की कडेला झालर उठते. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना ताइमिना यांनी 1997 मध्ये हीच झालर हेतुपुरस्सर विणून अपास्तीय प्रतल, म्हणजे प्रत्येक बिंदूशी खोगिराप्रमाणे दोन विरुद्ध दिशांना वळणारा पृष्ठभाग, हातात धरता येईल असे करून दाखवले.

साहित्याबाबत थोडक्यात सांगायचे तर पुण्याच्या तुळशीबागेच्या बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा माल ॲक्रिलिकचा असतो आणि शिकण्यासाठी त्यात काही बिघडत नाही. फक्त तो फिका, एकरंगी आणि गुळगुळीत असावा, कारण काळ्या किंवा केसाळ धाग्यात टाकाच दिसत नाही. आपल्याकडे रुळलेल्या जुन्या ब्रिटिश मोजणीत सुईचा क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, म्हणजे 8 क्रमांकाची सुई 4 मिलिमीटरची आणि 10 क्रमांकाची सव्वातीन मिलिमीटरची. नमुन्याचा चौकोन विणून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात हे मोजणे कंटाळवाणे खरे, पण 22 ऐवजी 20 टाके बसले तर 200 टाक्यांच्या स्वेटरचा घेर 91 सेंटिमीटरऐवजी 100 होतो, आणि ज्याच्यासाठी तो विणला त्याला तो घालून फिरावे लागते.

सुयांवरच्या विणीसाठी यंत्र 1589 मध्येच इंग्लंडात विल्यम ली यांनी तयार केले. खऱ्या क्रोशासाठी तसे यंत्र बाजारात अजून आलेले नाही, त्यामुळे दुकानात स्वस्त मिळणारा क्रोशाचा रुमालदेखील कोणाच्या तरी हातांनीच विणलेला असतो, आणि त्याची किंमत पाहता त्या हातांना काय मिळाले असेल याचा अंदाज स्वतः एक चौकोन विणून पाहणाऱ्याला लगेच येतो. वर्गाची चौकशी करताना पहिल्या महिन्यात कोणती वस्तू पुरी होईल हे विचारू नये. निसटलेला टाका उचलायला आणि दोन ओळी मागे यायला कोणत्या आठवड्यात शिकवतात, हे विचारावे. फी त्यानंतर विचारली तरी चालते.