कुळगावच्या बांधावरून

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसलात की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर. स्टेशनाचं नाव बदलापूर, पण पूर्वेला उतरलात की पाय लागतात ते कुळगावला. नगरपालिकेच्या नावातही आधी कुळगाव, मग बदलापूर. इथली किती तरी भातखाचरं आता इमारतींखाली गेली आहेत. तरी पावसाळ्यात कोंडेश्वराची वाट धरा. वस्ती मागं पडली की डोंगर, बांध आणि चिखलात वाकलेली माणसं दिसू लागतात.

लावणी तुम्हाला नवी नाही. तरी क्षणभर थांबून बघा. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं दोन-तीन रोपं सोडवायची, चिखलात रोवायची, पाऊल मागं घ्यायचं. जिचं मन घरच्या भांडणात अडकलंय, तिच्या हातून चूड दाट पडतो. जिचं मन बोटांत आहे, तिची ओळ बिनबोभाट पुढं जाते. मंडळी, याच मन लावण्याला थोर माणसं ध्यान म्हणतात.

ध्यान म्हटलं की आपल्याला गुहेतला साधू आठवतो. पण ब्रह्मदेशात जन्मलेले, व्यापारात मुरलेले सत्यनारायण गोएंका 1969 साली भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची शिबिरं सुरू केली. 1976 पासून आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला ती भरतात. गोएंका 2013 साली वारले, शिबिरं चालूच आहेत. दहा दिवसांचं शिबिर, त्यात मौन, फी नाही. पहिले तीन दिवस काय करायचं, तर नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. मंत्र नाही, माळ नाही.

गोठ्यात दोन जनावरं असणाऱ्याला दहा दिवस कुठले मिळायला! हरकत नाही. उद्या धार काढताना पहिली चिळकांडी बादलीत वाजते ती ऐका. आचळाची ऊब बोटांना कळू द्या. तेवढ्यात मन सोसायटीच्या हप्त्याकडं पळेल. पळू दे. बैल शेजारच्या पिकात शिरला तर आपण त्याला झोडपत नाही, कासरा धरून वळवतो. तसंच मनाला वळवायचं. दहादा पळालं, तर दहादा. पळालं हे कळणं हीच खरी मेख आहे.

यानं कर्ज फिटत नाही, हेही सांगून ठेवतो. आणि झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर श्वास बघत एकटे बसू नका. घरच्यांना सांगा, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना भेटा.

मात्र विळा चालवताना, गवतात हात घालताना, कडबाकुट्टीत वैरण सारताना मन हाताशी असेल, तर बोटं शाबूत राहतात.

कोंडेश्वराला महादेवाचं देऊळ आहे, जवळच डोंगरावरून कोसळणारं पाणी आणि त्याचे डोह. डोह देखणे, पण दगा देणारे. पावसाळ्यात इथं पोहायला उतरलेली तरुण पोरं बुडाल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. वर डोंगरात सर आली की खाली पाणी एकाएकी चढतं. म्हणून पोरंबाळं बरोबर असली तर डोहाकडं फिरकूच नका. देवळाच्या ओट्यावर बसा, भाकरी सोडा, पाण्याचा आवाज ऐकत जेवा आणि उजेड आहे तोवर स्टेशन गाठा.