अश्रूंचा सातबारा

महसूल खात्यातले उतारे वाचण्यात ज्याची बत्तीस वर्षे गेली, त्याला आपण कोणताही दस्तऐवज चुकीचा वाचणार नाही असा जो एक फाजील विश्वास असतो, तो माझा इटलीतील आंकोना शहरी, मुलाच्या बिऱ्हाडाजवळच्या एका दुकानात पुरता जिरला.

हाती आलेल्या बाटलीवर ‘लाक्रिमा दि मोर्रो द’आल्बा’ अशी अक्षरे होती. आल्बा म्हणजे वायव्येकडील पियेमाँतेतले वाइनसाठी नावाजलेले गाव, हे मी वाचून होतो. आणि लाक्रिमा म्हणजे अश्रू, तेव्हा ही व्हेसुव्हियसच्या उतारावरील ‘लाक्रिमा क्रिस्ती’चीच कोणी धाकटी बहीण असणार, असा निकाल मी देऊन टाकला. दुकानदाराने मुलाकडून तो समजावून घेतला आणि हसू दाबले.

“बाबा, ते आल्बा हे नव्हे,” मुलगा म्हणाला.

मोर्रो द’आल्बा हे आंकोना जिल्ह्यातलेच, टेकडीवर तटबंदीत आवळून बसलेले लहानसे गाव. आणि लाक्रिमा ही काळ्या द्राक्षाची जात, जिच्या पिकल्या मण्याची साल तडकून रसाचा थेंब आसवासारखा ओघळतो म्हणून तिला हे नाव पडले, असे सांगतात. 1985 साली या नावाला सरकारी संरक्षण मिळाले. त्यावर हक्क मोर्रोसकट अवघ्या सहा गावांच्या शिवाराचा; त्यांतही सेनिगाल्लियाचे समुद्राकडे तोंड केलेले उतार वगळलेले, आणि वाइनमध्ये लाक्रिमा किमान 85 टक्के असलीच पाहिजे ही अट. शेजारच्या बाटलीवरील ‘सुपेरिओरे’ हा शब्द मी दुकानदारी बढाई समजलो होतो. पण मद्यार्क अधिक आणि मुरवण जास्त असल्यावाचून तो छापण्याची मुभाच नाही, हे कळल्यावर मात्र त्या अनोळखी कायदेकाराविषयी मला सहकाऱ्यासारखी आपुलकी वाटली. मागच्या लेबलावर बाटली भरणाऱ्याचे नाव-गाव, मद्यार्काची टक्केवारी, गंधकयुक्त सल्फाइट असल्याची कबुली, उत्पादनाचा क्रमांक. आमच्या एखाद्या फेरफाराच्या नोंदीतही इतका नेटका तपशील क्वचित सापडावा.

रात्री बूच निघाले, तेव्हा गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा गुलाबाचा वास खोलीभर पसरला. चव तेवढी जिभेला कोरडी लागली. मी अर्ध्या पेल्यावर थांबलो.

बाटली रिकामी झाल्यावर ते लेबल कोमट पाण्यात भिजवून सोडवले, वहीत चिकटवले आणि सवयीने त्याखाली मौजे, तालुका, जिल्हा असे रकाने आखले. मौजे मोर्रो, जिल्हा आंकोना; तालुक्याचा रकाना कोराच राहिला.